भिंतीच्या पायाशी एक मोरी

माझे सासरे गवंडी, आणि सगळी वस्ती त्यांना माघारी ओळंबा म्हणायची. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन. भिंत सरळ चालली आहे की पोट काढते आहे हे बघायला गवंडी ते वरून खाली सोडतात. हे नाव त्यांना कौतुकानं पडलं की वैतागानं, यावर आजही एकमत नाही. माणूस उंच, शिडशिडीत, चालताना हातसुद्धा जेवढ्यास तेवढे हलवणारा. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी त्यांनी माझ्याबरोबर आलेलं कपाट जरा बघितलं, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, परत बघितलं, आणि मग माझ्याकडे नजर वळवली. मला वाटलं, आता माझ्याही टाचेखाली काहीतरी सारतात.

स्वभावानं वाईट नव्हते. पण चूक दिसली की ती बोलून दाखवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. दुसऱ्याची चूक, असं म्हणायला हवं. स्वतःच्या कामात चूक असते हे त्यांना मान्यच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सापडायचीही नाही. त्यांचा गिलावा असा गुळगुळीत की त्यावर पाल चढताना घसरते, असं लोक म्हणायचे. मी स्वतः एक घसरताना बघितली आहे.

घरात आम्ही चौघं. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. सासरे, माझा नवरा, मी, आणि माझी मोठी नणंद. तिला मी पहिल्या वर्षी अहो ताई म्हणत होते, मग कधीतरी अगं ताई झालं ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही. ताईचं लग्न झालेलं नव्हतं. ती घरीच कपडे दुरुस्तीचं काम करायची. उसवलेलं शिवायचं, सैल झालेलं आत घ्यायचं, वाढत्या पोरांच्या कपड्यांची दुमड सोडवून ते लांब करून द्यायचे. तिचं शिलाई मशीन मागच्या दारात होतं, कारण उजेड तिथे चांगला. आणि मागच्या दारात बसणाऱ्या माणसाला परसातलं सगळं दिसतं.

म्हणून ताईला काट्या माहीत होता.

काट्या म्हणजे तो छोटा काटेरी जीव, अंगाचा चेंडू करून बसणारा. पुस्तकात त्याला हेजहॉग म्हणतात. वस्तीत कोणी त्याला काटेरी उंदीर म्हणे, कोणी साळिंदराचं पिल्लू. ताई वैतागायची. "उंदराशी त्याचं काडीचं सोयरसुतक नाही," ती म्हणायची, "आणि साळिंदर केवढं, हा केवढा. उद्या तुला कोणी जिराफाची मावसबहीण म्हटलं तर चालेल का?" आमच्या घरात नर असो, मादी असो, सगळे काट्याच. आमच्याकडचे मोठ्या कानांचे होते. कान काट्यांच्याही वर येतात, तोंड तपकिरी, पोटाखाली मऊ फिकट केस. चालताना पाय चांगले उंच होतात, बसला की पाय आहेत हे पटत नाही.

मला ही माहिती हळूहळू मिळाली, भाजी निवडता निवडता. ताई शिकवायला बसली नाही कधी. मशीन चालवता चालवता एखादं वाक्य टाकायची. काट्या स्वतःचं बीळ स्वतः खणतो, झुडपाखाली नाहीतर विटांच्या ढिगाखाली. दिवसभर झोपतो आणि दिवेलागणीला बाहेर पडतो. किडे, भुंगे, गोगलगायी, गोम, मिळेल ते खातो, आणि खाताना असा मचमच आवाज करतो की चांगल्या घरात वाढलेला वाटत नाही. दूध ठेवलं तर पितो, पण ते त्याला पचत नाही, पोट बिघडून मरतोसुद्धा, पाणी ठेवावं. नवा, उग्र वास आला की ती वस्तू चावतो, तोंडाला फेस आणतो, आणि मान वाकडीतिकडी करून तो फेस पाठीवरच्या काट्यांना फासत बसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडले, म्हटलं पिसाळला. ताई म्हणाली, "पिसाळलेला नाही, तुझ्या नव्या साबणाचा वास लावून घेतोय. का लावतो ते मलाही माहीत नाही. तूही अत्तर लावतेस तेव्हा मी विचारते का?"

थंडीत अन्न मिळेनासं झालं की बिळात शिरतो आणि अंग गार करून पडून राहतो. श्वास इतका हळू की मेला असं वाटावं. ऊब आली की उठतो, अर्धा झालेला असतो आणि चिडलेला असतो. मग नर हिंडायला लागतात. एरवी काट्या एकलकोंडा. दोघं एका परसात आले तर एकमेकांकडे पाठ करून खातील. पण त्या थोड्या दिवसांत नर पार मैल मैल चालतो. मादी सापडली की तिच्याभोवती गोल गोल फिरतो, आणि ती बाई फुसफुसत, काटे उभारत, तोंड फिरवत राहते. कितीतरी वेळ. मातीत गोल चाकोरी उमटते इतका वेळ. ताईनं ती चाकोरी मला एकदा दाखवली होती, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. "बघ," म्हणाली, "एवढी खुशामत तुझ्या नवऱ्यानं केली होती का?" मी म्हटलं, "त्यानं कपाटाला पुठ्ठा लागेल का एवढंच विचारलं होतं." आम्ही दोघी हसलो.

मग पिल्लं होतात. आंधळी, गुलाबी, आणि काटे असलेच तर मऊ. आई त्यांना काही आठवडे सांभाळते, आणि मग ती आपापल्या वाटेनं जातात. आणि जायला वाट हवी. आमच्या वस्तीत ती होती.

आमची वस्ती म्हणजे एकाला एक लागून बैठी घरं, प्रत्येकाच्या मागे परस, आणि परसांमधून जुन्या दगडामातीच्या भिंती. प्रत्येक भिंतीच्या पायाशी पाणी जायला एक मोरी ठेवलेली, वीतभर रुंद, नुसतं भोक. पावसाचं पाणी या परसातून त्या परसात, तिथून पुढच्या, असं करत कोपऱ्यावरच्या घरामागे उघड्या माळावर जायचं. काट्या त्याच मोऱ्यांमधून यायचे-जायचे. आमच्या परसात जेवायचे, शेजाऱ्यांकडे पाणी प्यायचे, माळावर लग्न करायचे.

मग भिंती ढासळायला लागल्या आणि कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंच्या न्हाणीघरात साप निघाला. बिनविषारी होता, पण साप तो साप. वस्तीनं ठरवलं की सगळ्या भिंती नव्यानं बांधायच्या, विटासिमेंटच्या, आणि मोऱ्या बंद. काम अर्थातच बाबांकडे आलं. माझ्या सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, हे आपलं शेवटचं मोठं काम हे त्यांना कळत होतं, आणि त्यांनी ते जीव ओतून केलं. पाण्यासाठी जमिनीखालून नळ घातला आणि त्याच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवली. भिंतीला दोन्ही बाजूंनी गिलावा. कुठे फट नाही, दरज नाही.

आमच्या परसाची भिंत सगळ्यात शेवटी झाली. तेव्हा ताई मशीनवरून उठून दारात आली आणि म्हणाली, "बाबा, एक मोरी ठेवा ना खाली. काट्यांना लागते."

बाबांनी थापी थांबवली नाही. "मोरीच ठेवायची तर भिंत कशाला बांधतोय मी?"

ताई परत जाऊन मशीनवर बसली. ताई कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा मागत नाही. पहिल्यांदा मागून काय होतं ते ती आधीच शिकली होती.

ते कसं शिकली ते मला नवऱ्यानं सांगितलं, आणि तेही तुकड्यातुकड्यानं, कारण आमच्या घरात कोणी सलग बोलत नाही. ताई ऐन पंचविशीत असताना बाबांबरोबर कामावर एक फरशीवाला असायचा. बाबा भिंती उभ्या करायचे, खाली कोबा, म्हणजे फरशीखालचा सिमेंटचा थर, घालायचे, त्यावर हा फरशी बसवायचा. हसतमुख मुलगा, हात चांगला, आईवडील नव्हते. दुपारी डबा खायला मागच्या दारी यायचा आणि ताई त्याला पाणी द्यायची. पाण्यावरून बोलणं, बोलण्यावरून काय ते. ताईनं स्वतःच बाबांना सांगितलं आणि लग्नाचं विचारलं. त्या काळात, त्या घरात, बापासमोर उभं राहून मुलीनं हे सांगायचं म्हणजे काय ते मी समजू शकते. नेमकं त्याच आठवड्यात एका घराच्या न्हाणीत पाणी तुंबल्याची तक्रार आली. कोपऱ्यात पाणी साचतं, मोरीकडे जातच नाही, फरशीचा ढाळ चुकला. बाबा बघून आले आणि रात्रीच्या जेवणावर म्हणाले, "ज्याला पाण्याला ढाळ देता येत नाही तो संसाराला काय देणार?"

एवढंच. फरशीवाल्याला त्यांनी कामावरून काढलं. नंतर आलेली स्थळं त्यांनी ओळंबा लावूनच तपासली. एक तोतरा, एक जास्त बोलणारा, एकाच्या घराचा पाया खचलेला. हे शेवटचं मी विनोदानं लिहीत नाही, ते खरंच पाया बघून आले होते. मग स्थळं यायची थांबली. ताई रडलीबिडली नाही म्हणे. ती नुसती आखडली. माझ्या नवऱ्याचे शब्द आहेत हे, "ताई त्या वर्षी गोळा झाली." मला उपमा देणाऱ्या लोकांचा कंटाळा येतो, पण या उपमेला मी काही करू शकत नाही, कारण ती मी दिलेली नाही.

भिंती झाल्यावर थोड्याच दिवसांत बाबांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. घरी बसलेला गवंडी म्हणजे काय शिक्षा असते ते सुनेलाच विचारा. आधी त्यांनी माझ्या फडताळातले डबे उंचीनुसार लावले. मग दारांच्या बिजागऱ्या झाल्या. असं करत तीन-चार वर्षांत घरात सरळ करायला काही उरलं नाही तेव्हा ते संध्याकाळी मागच्या पायरीवर बसायला लागले, मशीनशेजारी. बापलेक तासन्तास बसायचे आणि बोलायचे नाहीत. त्यांच्यामधून जाताना मला आवाज न करता चालावंसं वाटायचं.

अशाच एका दिवेलागणीला काट्या विटांच्या ढिगाखालून बाहेर आली. हो, आली, ही मादी होती, भिंत झाली त्या वर्षीचं पिल्लू, आत अडकलेलं. एक कान फाटलेला. पाण्याच्या ताटलीशी गेली, मग भिंतीच्या पायाशी गेली आणि नाक भिंतीला लावून चालायला लागली. कोपऱ्यापर्यंत गेली. वळली. तशीच परत, नाक भिंतीला. या टोकाला आली, वळली. बाबा बघत होते. त्यांनी याआधी काट्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. जमिनीवर त्यांचं लक्ष फक्त पाया खणताना जायचं.

"हे काय करतंय?" त्यांनी विचारलं.

"वाट शोधतेय," ताई म्हणाली.

"कसली वाट? भिंत आहे ना."

"तिथे मोरी होती."

काट्या पुन्हा वळली. एका जागी थांबून तिनं पुढच्या पायांनी खरवडलं. गिलाव्यावर नखांचा आवाज येत होता.

"रोज करते?"

"रोज. बाहेर येते ती बहुतेक याचसाठी."

बाबांना बहुधा आपली बाजू मांडावीशी वाटली. "इथे खायला आहे. पाणी तू ठेवतेस. मांजर येत नाही, कुत्रं येत नाही. भिंत आहे म्हणून सुखरूप आहे ती. मग पिल्लं का नाही झाली इतक्या वर्षांत?"

"कोणी भेटल्याशिवाय पिल्लं कशी होतील, बाबा?" ताईनं दोरा दातानं तोडला आणि पुढचा कपडा घेतला.

ती टोमणा मारत नव्हती. ताईला टोमणे येत नाहीत, घरात ते खातं माझ्याकडे आहे. तिनं विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं. पण मी दारात उभी होते आणि मला बाबांचा चेहरा दिसत होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोड्याचा आवाज आला. मी धावत मागे गेले. बाबा खाली बसले होते, गुडघे दुखतात म्हणून गोणपाटाची घडी घालून, आणि स्वतःच्या भिंतीला भोक पाडत होते. आयुष्यात दुसऱ्यांच्या कितीतरी भिंती त्यांनी पाडल्या असतील, स्वतःची एकही नाही. आणि ती पडेना. इतकी पक्की बांधलेली. "सिमेंटात हात जरा आखडता घेतला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. मी त्यांना थांबवणार होते, पण ताईनं मान हलवून मला नको म्हटलं. दुपारपर्यंत वीतभर मोरी झाली. कडा त्यांनी गोल घासल्या, काट्याला लागू नयेत म्हणून.

ताई म्हणाली, "ही एक झाली. पण पलीकडच्या परसातून पुढे कुठे जाणार ती? माळापर्यंत सगळ्या बंद आहेत."

आणि तिनं हेही सांगितलं की हा जीव फार वर्षं जगत नाही. ही आता म्हातारी होत चालली आहे. या वर्षीची थंडी जाऊन ऊब येईल तेव्हा नर हिंडतील, तोवर वाट झाली तर झाली. नाहीतर ही एकटीच जाईल. बाबांनी ऐकून घेतलं. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

ते दारोदार गेले. बरोबर मी, त्यांच्या कोपराला धरून. ज्या लोकांना मोऱ्या बुजवून दिल्या होत्या त्यांनाच त्या उघडायच्या का म्हणून विचारायचं. लोकांना गंमत वाटली. एक शेजारी म्हणाला, "काका, आधी बुजवायच्या मग उघडायच्या, धंदा छान आहे." दुसरीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "वय झालं की असं होतं का गं?" मी तिला म्हटलं, "नाही, अक्कल आली की होतं. सगळ्यांना येत नाही." तिचा माझ्यावर अजून राग आहे. पण बाबांच्या हातचं काम, फुकट, आणि वर ते स्वतः गुडघ्यांवर बसून करणार, त्यामुळे नाही कोणी म्हटलं नाही. एकेक भिंत उघडत गेली. कोपऱ्यावरची तेवढी राहिली.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "माझ्याकडे साप निघाला होता, तुम्हाला माहीत आहे. मी मोरी उघडू देणार नाही." बाबांनी काट्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला प्राण्यांची दया आहे, पण दाराबाहेर." आणि दार लावून घेतलं. त्यांच्या घरामागेच माळ. ती एक भिंत उघडली नाही तर बाकीच्या सगळ्या मोऱ्यांना काही अर्थ नव्हता. बाबा घरी आले आणि छिन्नी धुऊन, पुसून, कोपऱ्यात ठेवून दिली.

थंडी सुरू व्हायच्या सुमाराला कळलं की मास्तरीणबाई मागच्या परसात फरशी घालून घेताहेत. बाबा म्हणाले, "चल, एकदा बोलून बघू." आम्ही गेलो. बाई शाळेत गेल्या होत्या. परसात एक माणूस ओणवा बसून फरशी ठोकत होता, केस पांढरे, पाठ रुंद. पावलं ऐकून त्यानं वर बघितलं आणि उठून उभा राहिला.

"काका, तुम्ही?"

मला कोणी सांगितलं नाही, पण मला लगेच कळलं हा कोण. बाबांचं कोपर माझ्या हातात घट्ट झालं.

त्यांनी काम सांगितलं. घाईत, जमिनीकडे बघत. भिंतीपाशी एक फरशी सोडशील का, एवढी एक मोरी, असा असा एक जीव आहे. फरशीवाल्यानं शेवटपर्यंत ऐकलंही नाही. "सोडतो की," म्हणाला. "त्यात काय."

"बाई नाही म्हणताहेत."

"बाईंना मी बघतो. फरशी घातली की पाण्याला वाट लागतेच. पाण्याची वाट म्हणून सांगतो."

"जाळी लाव म्हणतील."

"जाळीत कचरा अडकतो, पाणी तुंबतं, असं सांगू." तो हसला. हसू चांगलं होतं, मी काय सांगू.

भिंत बाबांनी फोडली, बाकीचं त्यानं केलं. बाई आल्या, त्यानं त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण त्या मान हलवून आत गेल्या. संध्याकाळी काम झाल्यावर त्यानं बादलीतून तांब्याभर पाणी घेतलं, परसाच्या वरच्या बाजूला ओतलं आणि म्हणाला, "काका, ढाळ बघून घ्या." अगदी सहज म्हणाला. कामावरच्या मोठ्या माणसाला दाखवायची पद्धत असते तशी. पाणी कुठे न थांबता सरळ मोरीकडे गेलं आणि बाहेर माळावर. बाबा त्या पाण्याकडे बघत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

हात धुताना त्यानं सांगितलं की घरी दोन मुली आहेत, मोठीचं लग्न ठरलंय. "मुलगा तिनंच बघितला. आम्ही म्हटलं, बघितलायस ना, झालं तर." मग टॉवेलची घडी घालत विचारलं, "काका, तुमची लेक बरी आहे ना?" बाबांनी मान हलवली. त्या मानेचा अर्थ हो होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी आल्यावर ताईनं विचारलं, "कोण होतं कामाला?" मी सांगितलं. मशीन चालू होतं, ते चालूच राहिलं. थोड्या वेळानं म्हणाली, "ढाळ कसा काढलाय?"

"चांगला."

"हं," ताई म्हणाली.

बाबांनी आता नवा उद्योग काढला. वाळू बारीक चाळायची आणि मोरीच्या दोन्ही अंगांना पसरायची, बिळाच्या तोंडापर्यंत. म्हणजे सकाळी पावलं दिसतात. पहिल्या दिवशी दिसली तेव्हा त्यांनी सगळ्यांना हाका मारून दाखवली, अगदी माझ्या नवऱ्याला दाढीच्या साबणासकट. पुढच्या पायाची पाच बोटं नीट उमटली होती, मोरीतून पलीकडे. आणि पहाटेची पावलं, पलीकडून परत. मास्तरीणबाईंच्या मोरीबाहेरच्या ओल्या मातीवरही ती दिसली, माळाकडे जाणारी. सगळी एकाच जिवाची. जाते, फिरते, एकटी परत येते, पुन्हा जाते. "अजून वेळ आहे," बाबा रोज म्हणायचे. "थंडी संपू दे. मग नर निघतील."

मग थंडी पडली आणि काट्या बिळात गेली. ताईनं बिळाच्या तोंडावर एक काडी आडवी ठेवली. काडी हलली की समजायचं, उठली.

त्या थंडीत बाबा फार खंगले. गुडघे, मग खोकला. पण सकाळी उठून ते आधी काडी बघायला जायचे. हवा ऊबदार झाली. शेजारच्या झाडांना पालवी आली, भुंगे दिसायला लागले. काडी तशीच. आणखी काही दिवस गेले. बाबा म्हणाले, "वरच्या विटा काढून बघू का?" ताई म्हणाली, "नको बाबा. राहू दे." काट्या आता उठणार नाही हे तिला कळलं होतं. बाबांनाही कळलं असावं, पण ते वाळू पसरत राहिले. माणसाला हातात काहीतरी काम लागतं.

आणि एका सकाळी वाळूवर पावलं होती.

बाबांनी हाक मारली नाही. मी त्यांना चहा द्यायला गेले तर ते घमेलं मांडीवर घेऊन पायरीवर बसलेले, आणि ताई वाळूशी वाकलेली. पावलं मोठी होती, आमच्या काट्याच्या पावलांहून मोठी आणि रुंद. ती बाहेरून आली होती. माळाकडून, सगळ्या मोऱ्यांमधून. सरळ विटांच्या ढिगापाशी गेली होती, आणि तिथे वाळूत गोल चाकोरी होती, फेऱ्यांवर फेरे. काडी आत ढकललेली. मग पावलं मोरीतून परत गेली होती. तो जीव मेलेल्या काट्याच्या बिळाभोवती का फिरला, हे ज्यांनी त्याचा अभ्यास केला आहे त्यांनी सांगावं. मला मातीत जे दिसलं ते मी सांगते आहे.

"आला होता," ताई म्हणाली.

ती उठली, हात झटकले आणि मशीनवर येऊन बसली. पण कपडा घेतला नाही. मग बाबा म्हणाले, "पोरी. त्या न्हाणीचा ढाळ."

कोणती न्हाणी हे ताईनं विचारलं नाही.

"चूक त्याची नव्हती. खालचा कोबा माझा होता. मीच उलटा उतार ठेवला होता, वर कोणीही फरशी बसवली असती तरी पाणी तुंबलंच असतं. मी बघायला गेलो त्याच दिवशी मला कळलं होतं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, हिशेब समजावून सांगावा तसा. "माझ्या हातून चुकलं असं मला म्हणता येईना. म्हणून त्याच्यावर ढकललं. आणि मग तेच धरून बसलो."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.

बाबांनी मान वर केली.

"त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. कोबा काकांचाच चुकलाय, पण तू त्यांना बोलू नकोस, म्हणाला. त्यांना लागेल."

"मग तू बोलली का नाहीस? तुझ्या आयुष्याचा प्रश्न होता. भांडायचंस माझ्याशी. परत विचारायचंस."

"एकदा विचारलं होतं ना, बाबा," ताई म्हणाली.

तिनं टोपलीतला वरचा कपडा काढला, कुणाच्यातरी पोराचा, आणि दुमड उसवायला घेतली. बाबा घमेल्यातली उरलेली वाळू मुठीत घेत होते आणि सोडत होते. चहा निवला होता. मी दुसरा टाकायला आत गेले, कारण मला तिथे उभं राहवेना.